मागे सरूनही वेग न सोडणारी मोटर

पिठाच्या गिरणीत दळण होईपर्यंत तिष्ठत राहण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांनी तेथील मोटरीच्या अंगावर ठोकलेली लहानशी धातूची पट्टी कधी लक्ष देऊन वाचली असल्यास, अश्वशक्ती, विद्युत्‌दाब वगैरे तपशिलांच्या जोडीला मिनिटागणिक फेऱ्यांचा म्हणून १४४० किंवा त्याच्या आसपासचा एक आकडा त्यांना आढळला असेल. वस्तुतः आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तने करते आणि त्या हिशेबाने चार ध्रुवांच्या मोटरीतील फिरते चुंबकीय क्षेत्र मिनिटाला बरोबर १५०० फेऱ्या घेते. मग ही साठ फेऱ्यांची तूट कशाची? गिरणीतील ही मोटर इंडक्शन जातीची असते. तिच्या रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या भागाला, बाहेरून वीज दिलेली नसते. फिरते क्षेत्र त्याला ओलांडून पुढे जाते तेव्हाच त्याच्यात प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहाच्या बळावरच तो फिरतो, त्यामुळे क्षेत्राहून थोडे मंद राहिल्यावाचून त्याला काम करताच येत नाही. जात्यावर भार वाढला की ही तूटही वाढते, आणि भाराची वर्दी आपल्याला वेगातूनच मिळते.

सिंक्रोनस, म्हणजेच समकालिक, मोटरीची तऱ्हा याहून अगदी निराळी आहे. चार ध्रुवांची अशी मोटर रिकामी फिरत असो वा पूर्ण भार ओढत असो, ती मिनिटाला १५०० फेऱ्याच घेईल. १४९९ नव्हेत आणि १५०१ही नव्हेत. सिमेंटच्या कारखान्यांतील प्रचंड दळणयंत्रे, हवा दाबणारे मोठाले कॉम्प्रेसर, नदीचे पाणी उंचावर चढवणारे पंप अशा ज्या ठिकाणी हजारो किलोवॅटचे काम अहोरात्र चालते, तेथे या मोटरी तैनात केलेल्या असतात. ओझे वाढले की चाल मंदावते, हा माणसांपासून यंत्रांपर्यंत सर्वत्र येणारा अनुभव असताना या मोटरीच्या वेगात भाराची खूण मुळीच उमटत नसेल, तर भार वाढल्याचे तिला कळते कसे, आणि वाढीव शक्तीची मागणी वीजपुरवठ्याकडे ती नोंदवते ती कोणत्या मार्गाने? या प्रश्नाचे उत्तर एका कोनात साठवलेले आहे. अभियंते त्याला लोड अँगल म्हणतात. येथे आपण त्याला भारकोन म्हणू.

मोटरीचा बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. त्याच्या खाचांत तांब्याच्या तारांची तीन वेष्टने परस्परांपासून ठरावीक अंतरावर बसवलेली असतात आणि त्यांतून तीन फेजांचा प्रवाह एकामागून एक असा चढत-उतरत जातो, तेव्हा एकही लोखंडी भाग न हलता आतल्या पोकळीत चुंबकीय क्षेत्र मात्र गरगर फिरू लागते. हे फिरते क्षेत्र इटलीतील तुरिनचे गॅलिलेओ फेरारीस आणि अमेरिकेत गेलेले निकोला टेस्ला या दोघांनी परस्परनिरपेक्षपणे सिद्ध केले. टेस्लांना त्यासंबंधीची पेटंटे १ मे १८८८ रोजी मिळाली. या क्षेत्राच्या मध्यभागी सिंक्रोनस मोटरीचा रोटर असतो, आणि त्याच्या ध्रुवांभोवतीच्या वेष्टनांतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह सोडून त्याला बलवान चुंबक बनवलेले असते. त्याचा उत्तर ध्रुव फिरत्या क्षेत्राच्या दक्षिण ध्रुवाला धरून राहतो आणि क्षेत्राबरोबर फिरतो. मोटर रिकामी असेल तर दोघांचे अक्ष जवळजवळ एकावर एक येतात. पूर्णपणे येत नाहीत, कारण बेअरिंगचे घर्षण आणि हवेचा विरोध हाही थोडाबहुत भारच होय.

आता मोटरीच्या दांड्याला जोडलेल्या यंत्रावर एकाएकी काम पडले, असे समजा. त्या क्षणी दांड्याला मागे ओढणारा जोर वाढतो, पुढे ओढणारा चुंबकीय जोर पूर्वीइतकाच असतो, आणि रोटर किंचित मंदावतो. क्षेत्र मात्र आपल्या ठरलेल्या गतीने पुढे जातच असते, म्हणून रोटरचा अक्ष क्षेत्राच्या अक्षामागे पडू लागतो. जसजसा तो मागे पडतो तसतशी दोन ध्रुवांमधील चुंबकीय ओढ तिरपी होऊन तिचा फिरवणारा अंश वाढतो, आणि हा अंश नव्या भाराची बरोबरी करील अशा ठिकाणी रोटर पोहोचला की पुन्हा पूर्वीच्याच वेगाने, परंतु पूर्वीपेक्षा काही अंश मागे राहून, तो फिरत राहतो. भारकोन तो हाच. एखादा मुलगा खेळण्यातली गाडी रबरी पट्ट्याने ओढत एकसारख्या चालीने चालला असावा आणि वाटेत कोणी गाडीत धोंडा ठेवावा, म्हणजे पट्टा ताणेपर्यंत गाडी क्षणभर रेंगाळते व पुढे मुलाच्याच चालीने, पण मघापेक्षा अधिक अंतर राखून, येऊ लागते. तसाच काहीसा हा प्रकार आहे.

हे क्षणभर रेंगाळणे किती सूक्ष्म असते याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. मिनिटाला १५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला २५ फेऱ्या, अर्थात सेकंदाला ९००० अंश. पूर्ण भार येताच रोटरला समजा १५ अंश मागे सरकायचे आहे आणि त्यासाठी त्याने सेकंदाचे तीन दशांश घेतले, तर त्या अवधीत तो सेकंदाला सरासरी ५० अंशांनी मंद झाला. म्हणजे ९००० पैकी ५०, अर्ध्या टक्क्याहून थोडे अधिक. इतकी क्षणिक तूट फेऱ्या मोजणाऱ्या साध्या उपकरणाच्या ध्यानातही येणार नाही. कायमचा ठसा राहतो तो फक्त जागेत, वेगात नाही.

मात्र कोन मोजताना एक पथ्य पाळावे लागते. विजेचे एक आवर्तन ३६० विद्युत् अंशांचे धरतात, आणि चार ध्रुवांच्या यंत्रात दांड्याच्या एका फेरीत अशी दोन आवर्तने मावतात. म्हणून भारकोन ३० विद्युत् अंश असला तर दांडा प्रत्यक्षात १५ अंशच मागे असतो. मंद गतीच्या, मिनिटाला ३०० फेऱ्या घेणाऱ्या, वीस ध्रुवांच्या मोटरीत तेच ३० अंश दांड्यावर अवघे ३ अंश भरतात. हजारो अश्वशक्तींचा व्यवहार इतक्याशा फरकावर चाललेला असतो हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही.

ते खरे वाटावे म्हणून अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेत एक सुंदर प्रयोग करता येतो. मोटरीच्या दांड्यावरील कपलिंगवर खडूने एक पांढरी रेघ ओढतात, खोली अंधारी करतात आणि विजेच्या आवर्तनाशी जुळवलेला, सेकंदाला ५० वेळा लखलखणारा स्ट्रोबोस्कोप नावाचा दिवा तिच्यावर रोखतात. दांडा सेकंदाला २५ फेऱ्या घेत असल्याने दर फेरीत तो दोनदा उजळतो, आणि वेगाने फिरणाऱ्या दांड्यावर समोरासमोर दोन पांढऱ्या रेघा अगदी स्थिर उभ्या असलेल्या दिसतात. मग मोटरीला जोडलेल्या जनित्रावर रोधकांचा भार एकेक खटका दाबून चढवीत जावे. दर खटक्यासरशी त्या रेघा फिरण्याच्या दिशेविरुद्ध थोड्या सरकतात, नव्या जागेच्या किंचित पलीकडे जातात, परत येतात, एकदोन झोके घेतात आणि थांबतात. तेवढाच वेळ अँपिअर दाखवणारा काटाही मागेपुढे डुलतो. भार उतरवला की रेघा मुकाट्याने पूर्वस्थळी येतात. आपल्या पुष्कळ महाविद्यालयांत विद्यार्थी प्रथम सूत्र घोकतो आणि मागाहून, सवड झाली तर, हा प्रयोग पाहतो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा, कारण डोळ्यांनी ती सरकणारी रेघ ज्याने पाहिली त्याला सूत्राचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

सूत्र असे आहे की, मोटर जी शक्ती वाहते ती भारकोनाच्या साइनच्या प्रमाणात असते. शून्य अंशाला साइन शून्य, ३० अंशांना अर्धा, ६० अंशांना ०.८६६ आणि ९० अंशांना पूर्ण एक. येथे रबरी पट्ट्याचा दृष्टांत संपतो, कारण पट्टा ताणावा तितका अधिक ओढतो, परंतु चुंबकाची ओढ अशी अमर्याद वाढत नाही. पहिल्या ३० अंशांत मोटरीच्या कमाल शक्तीपैकी निम्मी हाती लागते, पुढच्या ३० अंशांत आणखी सदतीस टक्के, आणि अखेरच्या ३० अंशांत जेमतेम तेरा टक्के. म्हणजे सुरुवातीला थोडे मागे सरले तरी पुष्कळ बळ मिळते, आणि सीमेजवळ पुष्कळ मागे सरूनही फारसे मिळत नाही. म्हणूनच मोटर घडवणारे पूर्ण भाराचा कोन साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान मुकर्रर करतात व उरलेली जागा आकस्मिक धक्क्यांसाठी राखीव ठेवतात. ज्यांच्या रोटरचे ध्रुव बाहेर उंचावलेले असतात अशा यंत्रांत ध्रुवांच्या आकारामुळेच काही अधिक ओढ उत्पन्न होते आणि कमाल शक्तीचा कोन ९० अंशांच्या अलीकडे येतो. तो बारकावा येथे सोडून देऊ.

सीमा ओलांडल्यावर काय होते ते पाहण्यासारखे, खरे म्हणजे कारखान्यात कधीही पाहावे न लागो असे, आहे. भार कमाल शक्तीहून वाढला तर रोटर मागे सरतो, परंतु आता मागे सरल्याने ओढ वाढण्याऐवजी घटते, म्हणून तो आणखी मागे पडतो व ओढ आणखी घटते. १८० अंशांपलीकडे तर क्षेत्राचा जो ध्रुव त्याला पुढे ओढत होता त्याच्या जागी विरोधी ध्रुव येऊन त्याला उलट मागे रेटू लागतो. पुढची जोडी येते, पुन्हा ओढ, पुन्हा रेटा. पाया हादरतो, प्रवाह भलताच उसळतो, परिसरातील दिवे मिचकावू लागतात, आणि संरक्षक रिले वेळीच जागा होऊन ब्रेकर पाडतो तेव्हा हा प्रकार थांबतो. इंडक्शन मोटर अतिभाराने हळूहळू दमत जाते आणि तशी सूचनाही देते. सिंक्रोनस मोटर शेवटपर्यंत पूर्ण वेगाने चालते आणि मग पकड सुटते ती एकदमच. वेगाकडे पाहून निर्धास्त राहणाऱ्या कामगाराला ही मोटर फसवी वाटते, परंतु तिने भाराची नोंद कोनात अखंड केलेलीच असते. ती वाचण्याचा बंदोबस्त आपण करायला हवा.

पुरवठ्याचा दाब घसरला तरीही हाच कोन वाढतो. कमाल शक्ती दाबाच्या प्रमाणात असल्याने दाब वीस टक्क्यांनी उतरला तर कमाल शक्तीही वीस टक्क्यांनी उतरते, आणि तोच भार वाहण्यासाठी ३० अंशांवर असलेला रोटर सुमारे ३९ अंशांवर जाऊन उभा राहतो. येथे सिंक्रोनस मोटरीचा एक गुणही नोंदवला पाहिजे: इंडक्शन मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात पडतो, त्यामुळे तेवढ्याच घसरणीत तिचा छत्तीस टक्के जोर जातो. शिवाय सिंक्रोनस मोटरीच्या चालकाच्या हाती आणखी एक चावी असते. रोटरला दिलेला प्रवाह, म्हणजे एक्साइटेशन, वाढवला की चुंबक बळकट होतो आणि त्याच भाराला कमी कोन पुरतो. त्याच वेळी मोटरीचा पॉवर फॅक्टर सुधारत जाऊन ती कारखान्यातील इतर यंत्रांची प्रतिक्रिय शक्तीची गरजही स्वतः भागवू लागते, आणि मोठ्या ग्राहकाच्या वीजबिलात त्याचा लाभ दिसतो. उलट काटकसरीच्या कल्पनेने कोणी एक्साइटेशन कमी करील, तर कोन फुगत जाऊन तो नकळत सीमेच्या दिशेने चालू लागतो.

भार जेथे मुळातच एकसारखा नसतो, उदाहरणार्थ पिस्टनच्या दर धक्क्याला कमीजास्त जोर मागणाऱ्या कॉम्प्रेसरवर, तेथे रोटर एका कोनावर स्वस्थ बसत नाही; तो आपल्या जागेच्या अलीकडे-पलीकडे झोके घेत राहतो. यास हंटिंग म्हणतात. या झोक्यांचा ताल पिस्टनच्या तालाशी जुळला तर झोके वाढत जाऊन पकड सुटण्याचा धोका असतो. त्यावर उपाय म्हणून ध्रुवांच्या तोंडाशी तांब्याच्या कांबी बसवून त्यांची टोके एकमेकांस जोडलेली असतात. रोटर क्षेत्राच्या वेगाने फिरत असताना या कांबी निष्क्रिय असतात, पण तो जरा डुलला की त्यांच्यात प्रवाह उत्पन्न होऊन ते डुलणे आवरले जाते. मोटर सुरू करण्याचे अवघड कामही याच कांबींकडे सोपवलेले असते, कारण उभ्या असलेल्या रोटरपुढून क्षेत्र इतक्या झपाट्याने जाते की त्याला धरून फिरू लागणे त्यास शक्यच नसते. कांबींच्या साहाय्याने इंडक्शन मोटरीप्रमाणे जवळजवळ पूर्ण वेग गाठल्यावर मगच रोटरला प्रवाह देतात आणि तो क्षेत्राला जाऊन चिकटतो.

हाच कोन मोटर आणि जनित्र यांचे नातेही उलगडतो, ते एका जुन्या उदाहरणावरून पाहू. १८९१ साली अमेरिकेच्या कोलोरॅडो संस्थानातील टेल्युराइडजवळ, एम्स येथे, पाण्याच्या बळावर फिरणारे १०० अश्वशक्तीचे वेस्टिंगहाऊस जनित्र बसवले गेले आणि सुमारे चार किलोमीटरांवरील गोल्ड किंग खाणीच्या गिरणीत त्याच्याच घडणीचे दुसरे यंत्र सिंक्रोनस मोटर म्हणून लावले गेले. तारांच्या एका टोकाला जनित्र, दुसऱ्या टोकाला मोटर, आणि दोहोंची घडण एकच! जनित्राचा रोटर जलचक्राच्या रेट्याने आपल्या क्षेत्राच्या पुढे असतो, मोटरीचा रोटर भाराच्या ओढीने मागे असतो, आणि या दोन स्थितींमधील अंतरातूनच शक्ती एकीकडून दुसरीकडे जाते. कोन पुढे झाला की जनित्र, मागे झाला की मोटर. इतका साधा हा भेद आहे.

हा भेद आपल्याकडे सह्याद्रीत एकाच यंत्रात पाहावयास मिळतो. अकोले तालुक्यातील घाटघर येथे प्रवरेवर वरचे धरण आहे, आणि घाटाखाली शहापूर तालुक्यात चोंढे येथे खालचे. दोहोंमध्ये सुमारे चारशे मीटरांची उंची. भूगर्भातील वीजगृहात प्रत्येकी १२५ मेगावॅटची दोन यंत्रे आहेत. विजेची मागणी वाढली की वरचे पाणी खाली सोडून ती जनित्रे होतात, आणि मागणी ओसरल्यावर तीच यंत्रे उलट दिशेने फिरून, मोटरी बनून, खालचे पाणी पुन्हा वर चढवतात. म्हणजे एका कामगिरीत त्यांचा रोटर क्षेत्राच्या पुढे धावतो आणि दुसरीत मागे राहतो. अशी योजना नुसत्या कागदावर वाचणाऱ्याने घाटघरचा कडा एकदा जरूर पाहावा, म्हणजे त्या काही अंशांच्या मागे केवढे पाणी उभे आहे याची कल्पना येते.

हाच कोन, हेच साइनचे सूत्र, मोटर आणि वीजगृह यांच्यापुरते मर्यादित राहत नाही. वीजजाळ्याच्या दोन दूरच्या विभागांना जोडणाऱ्या वाहिनीतून किती शक्ती जाईल तेही त्या विभागांतील कोनावरच ठरते. दोन समांतर वाहिन्यांतून भार चालला असता कोन २५ अंश असेल आणि त्यांतील एक अकस्मात तुटली, तर उरलेल्या एकीवरून तेवढीच शक्ती नेण्यासाठी कोन सुमारे ५८ अंशांपर्यंत वाढावा लागतो. मुळात तो ३० अंशांहून अधिक असता तर तेवढी शक्ती नेणे कोणत्याही कोनाला शक्य झाले नसते. ३० जुलै २०१२ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास बीना–ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी बंद पडली तेव्हा पश्चिम आणि उत्तर विभागांना जोडणारा मुख्य दुवाच गेला, शक्तीचे हेलकावे सुरू झाले आणि संपूर्ण उत्तर विभाग अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रकार अधिक मोठ्या प्रमाणावर घडून उत्तर, पूर्व आणि ईशान्य विभागांतील सुमारे साठ कोटी लोकांची वीज गेली. महाराष्ट्र ज्यात मोडतो तो पश्चिम विभाग दोन्ही दिवशी बचावला.

दक्षिण विभाग त्या काळी उरलेल्या देशाशी आवर्तनाने बांधलेला नव्हता. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथील केंद्रात वीज प्रथम एकदिश करून मगच दक्षिणेकडे सोडली जाई, आणि अशा दुव्यात किती शक्ती न्यायची हे यंत्राला हुकूम देऊन ठरवता येते, कोनाचा तेथे संबंध येत नाही. ही स्थिती ३१ डिसेंबर २०१३ रोजी पालटली. रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी त्या दिवशी जोडली गेली आणि देशातील सर्व विभाग एका आवर्तनाखाली आले. असा दुवा जोडताना दोन्ही बाजूंचा दाब जुळावा लागतो, आवर्तने जुळावी लागतात आणि खटक्याच्या दोन टोकांमधील कोन पुरेसा लहान आहे याची खात्री करून घ्यावी लागते, नाहीतर जोडणीच्या क्षणीच सर्व जनित्रांना धक्का बसतो. त्या दिवसापासून कोयनेच्या डोंगरातील जनित्रे आणि दक्षिणेतील एखाद्या सिमेंट कारखान्याची सिंक्रोनस मोटर ही एकाच आवर्तनाने फिरू लागली, आणि दोहोंच्या रोटरांमधील कोन दोन्हीकडच्या भाराप्रमाणे क्षणोक्षणी कमीअधिक होऊ लागला.